सांधा शोधा, सन सापडेल: इंग्लंडच्या खेड्यातलं मध्ययुगीन चर्च वाचायचं कसं

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यातल्या चर्चमध्ये शिरलात की दारापाशीच्या टेबलावर एक पत्रक ठेवलेलं असतं. त्यावर बहुधा लिहिलेलं असतं, ‘तेराव्या शतकातलं चर्च’. हे खोटं नसतं. आपण गावाकडच्या घराबद्दल ‘आजोबांनी बांधलं’ म्हणतो, तितपत ते खरं असतं. आजोबांनी फक्त माजघर बांधलेलं असतं. पडवी काकांनी काढलेली, माडी वडिलांनी चढवलेली आणि स्वयंपाकघरातल्या फरश्या परवाच्या दिवाळीत बसलेल्या असतात.

मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला आलेल्या बऱ्याच मराठी आईवडिलांना मी अशी चर्चेस दाखवायला नेलं आहे. लंडनच्या राजवाड्यांपेक्षा ही मंडळी इथे जास्त रमतात, कारण गावच्या देवळात त्यांनी हेच पाहिलेलं असतं: काळ्या दगडाचा जुना गाभारा, नंतर जोडलेला लाकडी सभामंडप, त्यावर पत्रा आणि कुणीतरी मारलेला ऑइल पेंट. फक्त इथलं कसं ओळखायचं ते माहीत नसतं. ती पद्धत इथे क्रमानं देतो.

सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे. आधी सांधा शोधायचा, शैली नंतर. कमान गोल की टोकदार हे कोणीही पाहतं. पण ‘कोण कोणाला कापतंय’ हे पाहिलं, तर सन माहीत नसतानाही आधी काय आणि नंतर काय हे ठरवता येतं. अर्धी खिडकी खाऊन टाकणारी कमान खिडकीनंतरचीच असणार, त्यात वाद नाही.

निघण्यापूर्वी अर्धा तास

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे नकाशे फुकट पाहता येतात आणि त्यात इंग्लंडही आहे. चर्च गावाच्या मधोमध आहे, जमीनदाराच्या वाड्याला चिकटून आहे की शेतात एकटंच उभं आहे, ते बघून ठेवा. वाड्याला चिकटून असेल तर मूळ चर्च त्या जमीनदारानंच स्वतःच्या सोयीनं बांधलेलं असण्याची शक्यता बरीच. एकटं असेल तर गाव सरकलं तरी किंवा उठलं तरी.

हिस्टॉरिक इंग्लंडच्या सरकारी वारसायादीत प्रत्येक संरक्षित इमारतीचं वर्णन आहे. ते मी घरी परतल्यावरच वाचतो. आधी उत्तर पाहिलं की डोळे तेवढंच शोधत बसतात.

सोबत दुर्बीण, टॉर्च, मोजपट्टी, वही आणि पेन्सिल घ्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी ओसरीत लावलेली असते. किल्ली मागायला संकोच करू नका, बहुतेक ठिकाणी किल्लीबरोबर गप्पाही मिळतात. दानपेटीत काहीतरी टाका. ही छपरं त्यावरच टिकून आहेत.

गाभारा, सभामंडप, पडवी

शब्दांना घाबरू नका, मांडणी ओळखीचीच आहे. पूर्वेचा छोटा भाग म्हणजे चान्सल, आपला गाभारा. मुख्य वेदी तिथे. त्याच्या पश्चिमेला लोकांनी उभं राहायचा नेव्ह, म्हणजे सभामंडप. दोन्हींच्या मध्ये चान्सलची कमान. नेव्हच्या बाजूला उतरत्या छपराखाली काढलेली आईल म्हणजे चक्क पडवी, आणि दक्षिणेच्या दारापुढची पोर्च म्हणजे ओसरी. आपला डोळा फसतो तो मनोऱ्यापाशी. शिखर गाभाऱ्यावर असतं, पण इथला मनोरा बहुधा नेमका उलट्या टोकाला, पश्चिमेला असतो, कारण तो घंटांसाठी आहे.

आता एक पैशाची गोष्ट. तेराव्या शतकापासून इंग्लंडात रीत पक्की झाली की चान्सलची डागडुजी रेक्टरनं, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या मालकानं करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. त्यामुळे एकाच छपराखाली दोन खिसे काम करत होते. रेक्टर श्रीमंत आणि हौशी असेल तर चान्सल देखणा आणि नेव्ह साधा. उत्पन्न दूरच्या मठाकडे जात असेल तर चान्सल जुनाट आणि बुटका राहिलेला, आणि लोकरीच्या व्यापारात हात धुऊन घेतलेल्या गावकऱ्यांचा नेव्ह त्याच्यापुढे महालासारखा. हे दोन भाग वेगळ्या शतकांतले का दिसतात, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

ही जबाबदारी जमिनीबरोबर हातोहात फिरते, आपल्या देवस्थान इनामासारखी. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावातल्या एका शेताच्या मालकांना चान्सलच्या दुरुस्तीचा खर्च द्यावाच लागेल, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, २००३ साली दिला. मध्ययुगातली रीत एकविसाव्या शतकात बिल पाठवते, ते असं.

पहिली फेरी बाहेरून

आत जायची घाई करू नका. चर्चभोवती एक पूर्ण फेरी मारा. आपण सवयीनं उजवीकडून प्रदक्षिणा घालतो, घाला, इथे कोणी काही म्हणत नाही. ऊन तिरपं असेल तर उत्तम. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात भिंतीवरचा जरासा फुगवटाही सावली टाकतो.

सगळ्यात आधी भिंतीचे कोपरे पाहा. कोपऱ्याला नेहमी मोठे, घडीव चिरे लावतात. असे चिरे भिंतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रांगेत दिसले, तर इमारत एके काळी तिथे संपत होती आणि पुढचा भाग नंतर जोडला आहे. गवंडी एकाच वेळी काम करत असेल तर सांधेमोड करतो, चिरे दातांसारखे एकमेकांत गुंतवतो. सरळ उभी फट म्हणजे दोन वेगळ्या कामांची शीव. पश्चिमेला मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना नेव्हचे कोपऱ्याचे चिरे पूर्ण दिसत असतील, तर नेव्ह आधीचा आणि मनोरा नंतर येऊन टेकलेला.

मग जोतं पाहा. मनोऱ्याचं जोतं पडवीच्या भिंतीला भिडून गपकन थांबतं का? की भिंतीखालून पुढे जाताना दिसतं? पुढे जात असेल तर पडवी नंतरची. भिंतीला टेकू देणारे धिरेही बोलके असतात. बाराव्या शतकातले धिरे जेमतेम वीतभर पुढे आलेले, पट्टीसारखे चपटे. पुढे ते खोल होत जातात आणि कोपऱ्यावर तिरके लावलेले धिरे सर्रास दिसू लागतात ते चौदाव्या शतकापासून.

दगड कुठला आहे? हा प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्यातून इतिहास निघतो. नॉरफकमध्ये गारगोटीचे गोटे मुबलक आणि घडीव दगड मात्र बाहेरून आणायचा. गोल मनोऱ्याला कोपरेच नसतात, म्हणून तिथे शंभराहून जास्त चर्चना गोल मनोरे आहेत, असं म्हणण्याची जुनी पद्धत आहे. हे कारण सगळ्यांना पटतं असं नाही, पण दगडाची टंचाई खरी. उत्तरेला डरहॅम परगण्यातल्या एस्कमचं चर्च सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याचे मोठाले चिरे जवळच्या बिंचेस्टर या रोमन किल्ल्यातून काढून आणलेले. उत्तरेच्या भिंतीत रोमनांच्या सहाव्या पलटणीचं नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवला आहे. बांधणाऱ्याला अक्षराशी देणंघेणं नव्हतं, त्याला सपाट दगड हवा होता.

रोमन दगड दिसला म्हणून भिंत रोमन ठरत नाही. दगडाचं वय आणि भिंतीचं वय या दोन गोष्टी आहेत.

हाच फसवा प्रकार दारांच्या बाबतीत सारखा भेटतो. समजा बाराव्या शतकात गावानं दक्षिणेला सुंदर कोरीव दार केलं. तेराव्या शतकात त्या बाजूला पडवी काढायची ठरली, म्हणजे ती भिंत फोडून तिथे कमानी करणं आलं. मग एवढं छान दार टाकायचं का? नाही. दगड सुटे करून, क्रम लावून, तेच दार पडवीच्या नव्या भिंतीत बसवायचं. म्हणून दार भिंतीपेक्षा शंभर वर्षांनी म्हातारं निघतं. कमानीचे दगड जोडावर नीट जुळत नसतील, नक्षीचा एखादा वेढा मध्येच अर्धवट तुटला असेल, तर दार हलवलेलं आहे असा संशय घ्या.

खिडक्या: नवा चष्मा, जुना माणूस

आता शैलीकडे वळू. इंग्लंडच्या मध्ययुगीन बांधकामाची आजही वापरात असलेली नावं १८१७ साली थॉमस रिकमननं रूढ केली. हा गृहस्थ लिव्हरपूलला विमा दलालाकडे हिशेबनीस होता. सुट्टीत चर्चेस पाहत, रेखाटत हिंडायचा आणि स्वतःच्या अभ्यासावर वास्तुविशारद झाला. हौशी माणसाला यातलं काय कळणार असं कोणी म्हणालं तर हे नाव सांगावं.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्या नॉर्मन विजयाआधीचं ते सॅक्सन. कोपऱ्यात एक चिरा उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. खिडकीचा माथा कधी दोन दगड टेकवून केलेला त्रिकोण. भिंती उंच, पण त्या मानानं पातळ. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा यासाठी पाहावा. दगडी पट्ट्यांनी तो असा सजवलाय की लाकडी घराची आठवण व्हावी. त्याचा सगळ्यात वरचा कंगोरा मात्र पंधराव्या शतकातला, तो मनातून पुसून टाकायचा.

साधारण ११९० पर्यंतचं ते नॉर्मन: गोल कमानी, जाडजूड खांब, नागमोडी दातेरी नक्षी, छोट्या खिडक्या. भिंती जाड असतात खऱ्या, पण भरीव नसतात. दोन्ही अंगांना दगड आणि पोटात चुना-खडीची भर. हेरेफर्डशायरमधलं किलपेक हे ११४० च्या सुमाराचं चर्च नॉर्मन कोरीवकामाचा कळस आहे. छपराच्या वळचणीखाली हाराने बसवलेली प्राण्यांची, माणसांची, काही अगदीच आचरट अशी शिल्पं पाहताना हेमाडपंती देवळाच्या बाह्य भिंती आठवल्यावाचून राहत नाहीत.

११९० ते १२८० च्या सुमाराचं अर्ली इंग्लिश. भाल्याच्या पात्यासारख्या उंच, अरुंद, टोकदार खिडक्या, एकेक किंवा तीन-तीनच्या गटात. त्यानंतर १३५० पर्यंत डेकोरेटेड: खिडकीच्या माथ्यावर वळणावळणाची दगडी जाळी, आणि आधी पोटाकडे मग पाठीकडे वळणारी, कांद्याच्या टोकासारखी रेघ. १३५० ते १५४० परपेंडिक्युलर: खिडकीचे उभे दगडी गज वळत-बिळत नाहीत, थेट कमानीला जाऊन भिडतात. खिडक्या रुंद, कमानी चपट्या, सगळीकडे उजेड.

ही सनं सैल हातानं धरा. राजधानीतली फॅशन खेड्यात पोचायला वीस-तीस वर्षं सहज लागत. दुसरं म्हणजे, इमारतीत बदलायला सर्वांत सोपी चीज खिडकीच. पंधराव्या शतकात उजेडासाठी जुन्या भिंती फोडून मोठ्या खिडक्या बसवण्याचा सपाटा चालला होता. खिडकीवरून भिंतीचं वय ठरवणं म्हणजे नव्या चष्म्यावरून माणसाचं वय ठरवणं. खिडकीच्या भोवतीची भिंत पाहा: दगड खिडकीला जुळवून बसवलेत, की भगदाड पाडून कडेला तुकडे कोंबलेत?

आत गेल्यावर आधी वर पाहा

आत शिरल्यावर सगळे वेदीकडे चालू लागतात. तुम्ही नेव्हच्या मध्यावर पूर्वेकडे पाठ करून उभे राहा आणि मनोऱ्याच्या भिंतीकडे वर पाहा. तिथे उलट्या व्हीसारखी तिरपी उमट दिसली तर ती जुन्या छपराची खूण. हीच रेघ कधी बाहेरच्या बाजूला, मनोऱ्याच्या पूर्व अंगावर आजच्या छपराच्या वर दिसते. चढ तीव्र असेल तर ते छप्पर गवतानं शाकारलेलं किंवा कौलारू असणार, कारण पाणी झटकन उतरायला हवं. पुढे शिशाचे पत्रे परवडू लागले तसं छप्पर जवळजवळ सपाट झालं, आणि भिंती उंच करून वर खिडक्यांची एक रांग काढता आली. या वरच्या रांगेला क्लिअरस्टोरी म्हणतात. ती बहुधा पंधराव्या शतकातली भर असते.

मग पडवीच्या कमानी. उत्तरेकडचे खांब गोल आणि दक्षिणेकडचे अष्टकोनी असतील तर दोन पडव्या दोन वेळी काढल्या. खांबांमधली अंतरं सारखी नसतील तर तेही टिपा. एक गोष्ट लक्षात घ्या: पडवी काढताना जुनी भिंत पूर्ण पाडत नसत. वरची भिंत टेकूवर तोलून खालून एकेक कमान कोरून काढत. म्हणून कमानी तेराव्या शतकातल्या, पण त्यांच्या डोक्यावरची भिंत सॅक्सन, असं होऊ शकतं. कमानीच्या वर बुजवलेल्या छोट्या खिडकीचा अर्धा तुकडा सापडला तर हातात घबाडच लागलं समजा.

भलत्या जागी असलेल्या गोष्टी

हा माझा आवडता भाग. चर्चमधली एखादी गोष्ट निरर्थक जागी दिसली की थांबायचं.

हवेत उघडणारं दार: चान्सलच्या कमानीशेजारी, दहा-बारा फुटांवर, जिना नसलेलं दार दिसतं. एके काळी या कमानीवर आडवी लाकडी माडी होती आणि तिच्यावर क्रुसावरच्या ख्रिस्ताची मोठी मूर्ती. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटून प्रोटेस्टंट होत असताना, १५४७ नंतर मूर्ती उतरवल्या गेल्या आणि १५६१ च्या आज्ञेनं माड्याही. भिंतीतला जिना तेवढा राहिला.

भिंतीतलं दगडी तस्त: पूजेची भांडी धुतलेलं पाणी सोडायला वेदीच्या दक्षिणेला छोटा कोनाडा आणि खाली भोक असे. याला पिसिना म्हणतात. पडवीच्या पूर्व टोकाला असा कोनाडा दिसला तर तिथे स्वतंत्र वेदी होती, मग आज तिथे खुर्च्यांचा ढीग का असेना. कोनाडा गुडघ्याएवढ्या उंचीवर आला असेल तर जमीन वर चढली आहे. पुजारी काही गुडघ्यावर बसून हात धूत नव्हता.

ओसरीतलं सूर्यघड्याळ: दक्षिणेच्या भिंतीवर मधोमध भोक आणि भोवती कोरलेल्या रेघा दिसतात. भोकात काडी खोचून प्रार्थनेची वेळ बघत. हे घड्याळ ओसरीच्या आत, सावलीत सापडलं तर ओसरी घड्याळानंतरची. उत्तरेच्या भिंतीवर सापडलं तर तो दगड दुसरीकडून आणून बसवलाय.

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर तुटलेले कोपरे किंवा लोखंडी खुंट्यांच्या खुणा असतात. कुंडातलं पवित्र पाणी चोरून जादूटोण्यासाठी वापरतात, म्हणून कुंडांना झाकण आणि कुलूप लावा, असा हुकूम कँटरबरीच्या आर्चबिशपनं १२३६ मध्ये काढला होता.

आणि भिंतीवर कोरलेली अक्षरं. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, समोरून मारलात तर काहीच दिसणार नाही. हर्टफर्डशायरमधल्या अ‍ॅशवेलच्या मनोऱ्यात आतल्या अंगाला १३५० सालचा लॅटिन मजकूर कोरलेला आहे: प्लेगातून उरलेल्या मोजक्या, दीनवाण्या लोकांबद्दल. खाली १३६१ च्या जानेवारीतल्या भयंकर वादळाची नोंद आहे. आपल्या हिशेबानं तो जानेवारी १३६२ चा, कारण इंग्लंडात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. जुनी कागदपत्रं वाचतानाही हे ध्यानात ठेवा. बांधकामाच्या दृष्टीनं या अक्षरांचा उपयोग साधा आहे: मनोऱ्याचा तो भाग १३५० मध्ये उभा होता, हे नक्की झालं.

व्हिक्टोरियन हात

एकदा मी एका दातेरी नक्षीच्या दारासमोर उभा राहून वहीत ऐटीत ‘सुमारे ११५०’ लिहिलं. किल्ली देणाऱ्या आजींनी शांतपणे सांगितलं, ‘ते १८४० च्या सुमाराचं आहे हो.’ त्या काळात नॉर्मन पद्धतीची नक्कल करण्याची लाटच आली होती. तेव्हापासून मी आधी दगडाच्या धारेवर नजर टाकतो. पाऊस खाणाऱ्या जागी आठशे वर्षांनंतर धार शिल्लक राहत नाही. सगळे दाते मापात सारखे, दगडाचा रंग एकसारखा, कडा सुरीसारख्या, तर सावध व्हा.

एकोणिसाव्या शतकात, राणी व्हिक्टोरियाच्या काळात, गावोगावच्या चर्चची ‘दुरुस्ती’ झाली. गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला, जमिनीवर रंगीत नक्षीच्या फरश्या बसल्या, पाइनची बाकं आली. आज लोकांना तो उघडा दगड ‘अस्सल मध्ययुगीन’ वाटतो. प्रत्यक्षात मध्ययुगात भिंतींना गिलावा होता आणि त्यावर चित्रं होती. धर्मसुधारकांनी चित्रांवर चुना फासला, आणि त्या चुन्यानंच ती तीनशे वर्षं जपली. व्हिक्टोरियन खरवडीनं चुनाही गेला आणि चित्रंही. याच खरवडीला वैतागून कवी आणि कलावंत विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली. मी मॉरिसच्या बाजूचा आहे, पण एक कबूल करतो: त्या दुरुस्त्या झाल्या नसत्या तर निम्मी छपरं आज खाली असती.

गाईड सांगेल त्यातलं काय सोडून द्यायचं

चान्सल जरा तिरका आहे, कारण क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती. उत्तरेचं दार सैतानाला बाहेर जायला. जमिनीलगतची खिडकी कुष्ठरोग्यांसाठी. पायावर पाय टाकून निजलेला दगडी सरदार म्हणजे क्रुसेडला, जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला गेलेला. छपराचं लाकूड जुन्या जहाजांचं. ऐकायला गोड, आधार नाही. चान्सल तिरका होतो कारण जुनी इमारत उभी असतानाच तिच्याभोवती नवीची आखणी करावी लागे आणि दोरी सरळ मारता येत नसे. उत्तरेचं दार मिरवणुकीला लागायचं.

एक पूर्ण उदाहरण: व्हॅरम पर्सी

सराव करायचा तर यॉर्कशायर वोल्ड्सच्या टेकड्यांतल्या व्हॅरम पर्सीला जा. गाडी वर लावून खाली चालत उतरावं लागतं, पावसानंतर बूट हवेतच. खाली एक ओसाड दरी, गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे, आणि छप्पर नसलेलं सेंट मार्टिनचं चर्च. हे गाव १५०० च्या सुमारास उठलं. जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या होत्या. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं. चर्चचीही जमीन खणून पाहिली गेली, म्हणून इथे आपला अंदाज ताडून पाहता येतो.

नेव्हच्या दक्षिण भिंतीसमोर उभे राहा. भिंतीतच कमानींच्या आकृत्या दिसतील, पोटात दगड भरून बुजवलेल्या. म्हणजे इथे पडवी होती आणि ती पाडली. बुजवलेल्या भागात खिडक्या बसवल्या आहेत. आता उत्तरेला जा, तिथेही तोच प्रकार. दक्षिणेची पडवी बाराव्या शतकाच्या अखेरीची, उत्तरेची त्यानंतरची. चान्सलही आज दिसतो त्यापेक्षा लांब होता, सतराव्या शतकात तो आखूड करून बांधला.

जमिनीखाली आणखी गंमत निघाली. सगळ्यात तळाशी छोट्या लाकडी चर्चच्या खुणा, त्यावर छोटं दगडी चर्च, मग नॉर्मन काळात मोठं, मग पडव्या. गाव वाढलं तसं चर्च पसरलं आणि गाव आटलं तसं आखडलं. इतर ठिकाणी फक्त वाढ दिसते, इथे माघारही दिसते, म्हणून मला ही जागा सुस्थितीतल्या दहा चर्चपेक्षा मोलाची वाटते.

गाव गेलं तरी चर्च का राहिलं? कारण या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, आसपासच्या आणखी वाड्या होत्या आणि तिथले लोक टेकड्या ओलांडून इथे येत. १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च झालं आणि इथली वर्दळ संपली. शेवटची प्रार्थना १९४९ मध्ये झाली. पुढे छपराचं शिसं चोरीला गेलं, पाणी भिंतीत मुरलं आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा एक भाग कोसळला. तो चिरफाळलेला मनोरा आता भिंतीच्या पोटातली चुना-खडीची भर दाखवणारा उत्तम नमुना झाला आहे.

वहीतला नकाशा

परतण्यापूर्वी कागदावर चर्चचा साधा आराखडा काढा. पावलांनी मोजलं तरी चालेल, फक्त भिंतींची जाडी वेगळी मोजा, दाराच्या किंवा खिडकीच्या खाचेत ती सापडते. जाडी बदलली की काळ बदलला असण्याचा संभव. मग रंगीत पेन्सिलींनी टप्पे भरा: सर्वांत जुनं काळं, त्यानंतरचं लाल, मग निळं, व्हिक्टोरियन हिरवं. सन लिहूच नका, नुसते एक, दोन, तीन असे आकडे द्या.

सन घरी आल्यावर. विल्यमनं करवलेल्या जमीनपाहणीच्या, म्हणजे १०८६ च्या डोम्सडे नोंदीत गावात चर्च किंवा पाद्री आहे का पाहा. नसला तरी चर्च नव्हतं असं समजू नका, त्या नोंदी करवसुलीसाठी होत्या. १२९१ मध्ये पोपच्या करासाठी झालेल्या आकारणीत चर्चचं उत्पन्न कळतं, आणि उत्पन्नावरून चान्सलचा थाट समजतो. परगण्याच्या दफ्तरखान्यात चर्चच्या कारभाऱ्यांचे हिशेब असतात. ‘शिशासाठी इतके शिलिंग, चुना फासण्यासाठी इतके पेन्स’ अशा ओळींतून अख्खी धर्मसुधारणा वाचता येते. एकोणिसाव्या शतकातल्या कामांना बिशपच्या कचेरीची परवानगी लागे, तिच्याबरोबरचे आराखडे मिळाले तर हिरवी पेन्सिल अचूक भरता येते.

लाकडाच्या बाबतीत वृक्षवलयांची तपासणी शेवटचा शब्द असते. एसेक्समधलं ग्रीनस्टेडचं ओंडक्यांच्या भिंतींचं चर्च पूर्वी नवव्या शतकातलं मानत. वलयं नव्यानं मोजली तेव्हा ते अकराव्या शतकात आलं. तुमच्या वहीतले आकडेही असेच सरकतील, म्हणून पेनानं काही लिहू नका. जे जुळत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ऊन होतं की ढग तेही लिहून ठेवा. सकाळी नऊला तिरप्या उन्हात दिसलेला सांधा दुपारी पुन्हा बघायला गेलात तर सापडत नाही.